बाक मोकळा करा

बसा, बसा. उठू नका कुणी. मला बघितलं की उभं राहायची खोड अजून गेली नाही तुमची. अहो, मला रिटायर होऊन चार वर्षं झाली.

तो माईक जरा लांब करा. नको, बंदच करा. माझा आवाज माईकशिवाय ओढ्यापलीकडं जातो, हे गावाला ठाऊक आहे.

पेठ वडगावहून आलेल्या पाहुण्यांसाठी सांगतो, मी माने. या प्राथमिक शाळेत अकरा वर्षं मुख्याध्यापक होतो. म्हणजे कांबळे बाईंचा साहेब. कागदावर साहेब. प्रत्यक्षात कोण कुणाचं ऐकत होतं, ते पुढं कळेलच तुम्हाला.

बाईंचे यजमान कांबळे साहेब, बाईंचा मुलगा, सूनबाई. शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष दादासाहेब पाटील. सरपंच. शिक्षक मंडळी. गावातल्या आया-बहिणी. आणि तिकडं पार मागं, भिंतीला टेकवून बसवलेली माझी पोरं. मघाशी वंदना झाली, सगळे शांत झाले, आणि मला सांगितलं, सर, आता तुम्ही बोला.

काय बोलू? तेहतीस वर्षं रोज परिपाठाला बोललो. कधी अडलो नाही. उलट थांबायचंच मला जमायचं नाही. मी बोलत सुटलो की कांबळे बाई त्या तिसऱ्या खांबापाशी उभ्या राहून मनगटावरच्या घड्याळावर बोट आपटायच्या. टक, टक, टक. पोरांना दिसायचं, ती गालात हसायची. मला राग यायचा. आज त्या खांबापाशी कुणी नाही, आणि खरं सांगतो, मला कुठं थांबायचं तेच कळेनासं झालंय.

तेरा दिवस झाले बाईंना जाऊन. रविवारी सकाळी चहा ठेवला, छातीत कळ आली, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. सोमवारच्या परिपाठाची गोष्ट टेबलावर लिहून ठेवलेली तशीच राहिली. दोन वर्षांनी रिटायर होणार होत्या. मी म्हणायचो, बाई, रिटायर झालात की मी सुखानं मरेन. त्या म्हणायच्या, सर, तुम्ही तुमच्या वेळेनं मरा, माझ्यावर कशाला ढकलता?

हसा की. हसायला काही बंदी नाही. बाईंना रडकी सभा आवडली नसती.

मी घरून चार पानं लिहून आणली होती. 'दीपस्तंभ' हा शब्द तीनदा आहे त्यात. ती पानं मी खिशात ठेवली. आणि ही दुसरी एक चिठ्ठी आहे, ती दादासाहेबांनी सकाळी माझ्या हातात दिली. म्हणाले, "सर, भाषणाच्या शेवटाला एवढं जाहीर करा." काय लिहिलंय, वाचून दाखवतो. 'कैलासवासी कांबळे बाई यांच्या स्मरणार्थ त्यांचा बाक मुख्याध्यापकांच्या खोलीत काचेच्या कपाटात जतन करण्यात येईल. वर पितळी पाटी बसवण्यात येईल.'

चांगलं आहे. मनापासूनचं आहे. पण मी हे जाहीर करणार नाही, दादासाहेब. रागावू नका. का नाही, तेवढं सांगायलाच मी उभा आहे.

हा बघा बाक. समोरच आहे. पांढरं कापड घातलंय, वर बाईंचा फोटो, हार, मेणबत्त्या. सकाळी साडेआठला मी आलो तेव्हा दादासाहेब आणि दोघं-तिघं तो व्हरांड्यातून उचलून इथं आणत होते. उचलला आणि खालून एक कागद पडला. घडीवर घडी घातलेला, सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यात गुंडाळलेला. बाकाचा एक पाय आखूड आहे ना, त्याच्याखाली लावलेला. मी उचलला, उघडला, आणि बघतो तर खाली सही माझीच. बाईंना दिलेला मेमो. नऊ वर्षांपूर्वीचा.

नऊ वर्षं माझी सही बाकाखाली होती, मंडळी. आणि तिच्यावर पोरं बसत होती. मी एकटाच मोठ्यानं हसलो. दादासाहेबांना वाटलं, सरांच्या मनावर परिणाम झाला.

तर हा मेमो कसा काय निघाला, ते ऐका.

बाई इथं आल्या त्याच वर्षी त्यांनी पहिलीच्या भिंतीवर चार चित्रं काढून घेतली. जगायचा हक्क, वाढायचा हक्क, कुणी मारू नये, त्रास देऊ नये हा हक्क, आणि आपलं म्हणणं मांडायचा हक्क. मी म्हटलं, बाई, पोरांना अजून बाराखडी येत नाही, त्यांना हक्क कसले शिकवताय? त्या म्हणाल्या, "सर, पहिले तीन आपण मोठ्यांनी द्यायचे आहेत. चौथ्यासाठी आपल्याला फक्त गप्प बसायचंय. तेच अवघड आहे." मी म्हटलं, माझ्या शाळेत गप्प पोरं बसतात. आणि वळून ओरडलो, हाताची घडी! तोंडावर बोट! साठ पोरं एका दमात गप्प. मी बाईंकडं बघितलं, कसं काय, अशा तोऱ्यात.

मग वरून आदेश आला, शाळेत तक्रार पेटी लावा. मी आदेशाला पक्का माणूस. त्याच दिवशी पत्र्याची पेटी आणली, लाल रंग दिला, कुलूप घातलं. लावली कुठं? माझ्या खोलीत. माझ्या खुर्चीच्या वर. आता पोरानं माझ्याच खोलीत यायचं, माझ्याच देखत, माझ्याच डोक्यावरून हात घालून माझीच तक्रार टाकायची. हात तरी पोचला पाहिजे की नको? माझा स्वतःचा पोचत नव्हता, टाचा वर कराव्या लागायच्या!

वर्षानं पेटी उघडली. आत काय निघालं? एक लग्नपत्रिका, गोळ्यांचे दोन कागद, आणि एक चिठ्ठी. चिठ्ठीत लिहिलेलं, 'पेटी उंच आहे.' अक्षर कांबळे बाईंचं. मी अहवालात लिहिलं, प्राप्त तक्रारी एक, निरसन चालू आहे. निरसन काही मी केलं नाही. पेटी तिथंच राहिली.

बाईंनी केलं निरसन. अडगळीच्या खोलीतून हा बाक काढला, पाय आखूड असलेला. व्हरांड्यात ठेवला. आणि पोरांना सांगितलं, ज्याला काही सांगायचंय त्यानं या बाकावर बसायचं. ज्या मोठ्या माणसाला सांगायचंय त्याला हाक मारायची. त्या माणसानं यायचं आणि शेजारी बसायचं. उभं राहून ऐकायचं नाही, बसायचं. आणि पोरगं 'झालं माझं' म्हणेपर्यंत मोठ्यानं तोंड उघडायचं नाही. 'पण' म्हणायचं नाही. 'अरे' म्हणायचं नाही. फार तर 'बरं' म्हणायचं. उत्तर दुसऱ्या दिवशी, त्याच बाकावर.

मला वाटलं, चार दिवसांचं खूळ आहे. पण पोरं बसायला लागली. पहिल्या आठवड्यात आमच्या स्वयंपाकाच्या मावशीला हाक गेली. मावशी पदराला हात पुसत येऊन बसली, आणि एका पोरानं तिला विचारलं, खिचडीतला कढीपत्ता त्याच्याच ताटात का येतो? मावशी दुसऱ्या दिवशी म्हणाली, "बाळा, तू पयला बसतोस न्हवं, वरचं सगळं तुझ्यात येतं." पोराचं समाधान झालं. तो दुसरा बसायला लागला.

इथवर ठीक होतं. मग एक दिवस हे आले. कोण? हे काय, दादासाहेब पाटील. तेव्हा दादासाहेब नव्हते, दादू पाटील होते. सायकलवरून उडी मारली ती थेट व्हरांड्यात. आवाज माझ्याहून मोठा. "कोण ती कांबळे बाई? कसली थेरं लावलीया शाळंत? पोरगी मला म्हणती, पप्पा, खेळणं माझा हक्क हाय. आन् म्हशीचं शेण कोण काढायचं? तुमी येणार हायसा?"

बाई काय म्हणाल्या असतील? म्हणाल्या, "येते की. रविवारी येते. घमेलं कुठं असतं तेवढं सांगून ठेवा."

आणि गेल्या बरं का! रविवारी सकाळी एसटीनं उतरल्या, पाटलाच्या गोठ्यात गेल्या, पदर खोचला आणि स्वातीबरोबर चार म्हशींचं शेण काढलं. स्वाती म्हणजे यांची मुलगी, तेव्हा चौथीत. मग हात धुऊन जेवायला बसल्या, आणि भाकरी मोडता मोडता म्हणाल्या, "पाटील, शेण काढण्यात काही वाईट नाही. पण सकाळी शेण काढून पोरगी येते तेव्हा माझा पहिला तास संपलेला असतो. संध्याकाळी काढू दे. सकाळचा तेवढा तास मला द्या." दादासाहेब, खोटं सांगत असेन तर उठून सांगा. तुम्हीच मला सांगितलंय, "सर, बाईनं शेण बी काढलं, चार भाकरी बी खाल्ल्या, मी बोलू काय?"

पण हे रविवारी झालं. मी शनिवारीच मेमो देऊन बसलो होतो! पालकांची तक्रार आली म्हटल्यावर आम्ही घाबरलो. 'आपल्या उपक्रमामुळे शालेय शिस्तीस बाधा येत असून सात दिवसांत खुलासा सादर करावा.' खाली सही, शिक्का. बाईंनी कागद घेतला, वाचला, म्हणाल्या, "कागद चांगला जाड आहे सर." मला वाटलं टोमणा मारला. आज कळलं, माप घेत होत्या. बाक डुगडुगत होता ना.

खुलासा? खुलासा काही आला नाही. मी मागितलाही नाही. कारण सहाव्या दिवशी बाकावर स्वाती पाटील येऊन बसली आणि तिनं हाक मारली, "हेडमास्तर सर!"

आता जे सांगतो ते मी आजवर चारचौघांत सांगितलेलं नाही.

त्या वर्षी शाळेला नवीन संडास-मुतारी मिळाली होती. फरशी, नळ, दार, सगळं चकाचक. आणि स्वच्छ शाळेची स्पर्धा लागली होती. तपासणीला पथक येणार. मी काय केलं असेन? मी कुलूप लावलं. पोरं वापरतील, घाण करतील, नंबर जाईल. म्हणून पथक येईपर्यंत मुतारी बंद. किल्ली माझ्या खिशात. आठवड्याचा प्रश्न आहे म्हटलं. पथक आलं नाही. पुढच्या आठवड्यात येणार म्हणे. मग पुढच्या महिन्यात. दोन महिने, मंडळी. दोन महिने मी रोज सकाळी कुलूप उघडायचो, आत स्वतः फिनेल टाकायचो, आणि पुन्हा कुलूप लावायचो. इतकी स्वच्छ मुतारी उभ्या जिल्ह्यात नव्हती. पोरगे उसाच्या कडेला जायचे. पोरी कुठं जातात, हा प्रश्न मला पडला नाही. दोन पोरींचा बाप मी. मला पडला नाही.

तर स्वातीनं हाक मारली. मी म्हटलं, इथं ये, ऑफिसात बोल. ती उठेना. तिसऱ्या खांबापाशी बाई उभ्या. गेलो, बसलो. बाक डुगडुगला नाही, हे आज आठवतंय.

पोरगी बोलायला लागली. पोरं सरळ बोलत नाहीत. तिनं आधी रेडकाचं सांगितलं. मग आईच्या माहेरचं. मग म्हणाली, "सर, मी घरातनं निघाल्यापासनं पाणी पीत न्हाय. आमच्यातलं कोणच पीत न्हाय. पाणी पिलं की लागती. मग कुठं जायाचं? दुपारी माझं डोकं दुखतंय. तुमी म्हणता, लक्ष कुठं हाय तुझं? माझं लक्ष घड्याळाकडं असतंय सर. घरी कवा जातोय."

माझ्या तोंडात 'पण' आला होता. पथक येणार आहे, नंबर येईल, शाळेचं नाव होईल, सगळं ओठांवर होतं. मी बाईंकडं बघितलं. बाईंनी आपल्या ओठांवर बोट ठेवलं. साठ पोरांना मी जे करायला लावायचो, तेच मला. मी गप्प बसलो. आयुष्यात तेवढा वेळ मी कधी गप्प बसलो नव्हतो. माझी बायको साक्षीला आहे.

मग पोरगी म्हणाली, "झालं माझं," आणि उड्या मारत गेली.

नियमाप्रमाणं उत्तर दुसऱ्या दिवशी द्यायचं. मला तेवढा दम निघाला नाही. मी तसाच उठलो, कुलूप काढलं, आणि ते कुलूप शाळेमागच्या विहिरीत टाकलं. किल्ली बाईंच्या हातात दिली. त्या म्हणाल्या, "कुलूपच नाही तर किल्ली कशाला?" म्हटलं, राहू दे तुमच्याकडं. माझ्या खिशात नको.

आणि नशीब बघा. पुढच्याच आठवड्यात पथक आलं! फरशीवर साठ पोरांच्या पायांचे ठसे. एका नळाला साबणाचा चिखल. साहेबांनी नाक मुरडलं. नंबर गेला. मी डोकं धरून ऑफिसात बसलेलो, तर बाई पुडा घेऊन आल्या. पेढे. म्हटलं, बाई, नंबर गेलाय. म्हणाल्या, "म्हणूनच आणलेत. घ्या." सगळ्या वर्गांत वाटले. आमची एकच शाळा असेल जिथं हरल्याचे पेढे वाटले गेले. आणि मी खाल्ले, दोन खाल्ले.

आता तुम्ही म्हणाल, बाई म्हणजे देवमाणूस. अजिबात नाही! तापट होत्या. माझ्याशी भांडायला त्यांना कारण लागत नसे. गाणं शिकवायच्या तर सूर एका गावाला, शब्द दुसऱ्या गावाला. आणि एकदा चुकल्यासुद्धा. वर्गातला खडूचा डबा सांडला आणि त्यांनी एका पोराला झापलं. त्यानं सांडला नव्हता. मधल्या सुट्टीत ते पोरगं बाकावर जाऊन बसलं आणि म्हणालं, "कांबळे बाई, या." बाई आल्या, बसल्या, ऐकलं. दुसऱ्या दिवशी परिपाठात, सगळ्यांसमोर म्हणाल्या, "काल माझं चुकलं. मी न विचारता बोलले. मला माफ कर." आणि त्या पोरानं काय म्हणावं? "असू दे बाई. परत करू नका."

त्या दिवशी शाळा सुटल्यावर बाई त्या बाकावर एकट्या बसून होत्या. मी म्हटलं, एवढं काय मनाला लावून घेताय? तेव्हा त्यांनी सांगितलं. त्या स्वतः तिसरीत असताना वर्गातली एक नवी पाटी फुटली. गुरुजींनी कुणाला काही विचारलं नाही, थेट यांना उभं केलं. यांनाच का, ते मी सांगायला नको, या गावात सगळ्यांना कळतं. दिवसभर उभं केलं. त्या म्हणाल्या, "सर, मी नव्हती फोडली. हे मी आज पहिल्यांदा कुणाला तरी सांगतेय." त्यांना तेव्हा पन्नासावं लागलं होतं. मी शेजारी बसलो. 'बरं' एवढंच म्हणालो.

म्हणून हा बाक, मंडळी. लाकडात काही नाही. तीन पाय धड, एक आखूड, वर कुणीतरी कर्कटकानं कोरलेलं बदाम. त्यात काय जतन करायचं?

आता आज सकाळचं सांगतो आणि बसतो.

दादासाहेबांनी बाकावर फोटो ठेवला, हार घातला, हात जोडले. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या, मी बघितलंय. तेवढ्यात एक पोरगी आली. दुसरीतली. आरोही तिचं नाव. बाकाच्या कडेला उभी राहिली आणि म्हणाली, "मला बसायचंय." दादासाहेब म्हणाले, "आज न्हाय बाळा. आज बाईंचा फोटो हाय." ती म्हणाली, "मग उद्या?" तर दादासाहेब म्हणाले, "आता ह्यावर कोणीच बसायचं न्हाय. आता ह्यो बाक बाईंचा हाय. पाया पड आन् मागं जाऊन बस."

पोरगी पाया पडली. मागं जाऊन बसली.

मी म्हटलं, आपण जुने हेडमास्तर आहोत, आपण विचारू. गेलो तिच्याकडं, कमरेत वाकलो आणि म्हटलं, काय झालं ग? सांग पटकन. तिनं माझ्याकडं वर बघितलं आणि म्हणाली, "असं न्हाय सांगायचं. आधी तुमी बसायचं." नऊ वर्षं झाली, अजून माझ्या लक्षात राहत नाही! तेवढ्यात कुणीतरी हाक मारली, सर, पाहुणे आले, आणि मी गेलो. काय सांगायचं होतं तिला, मला ठाऊक नाही. तेरा दिवस ती पोटात ठेवून आहे, एवढं दिसलं. बाई गेल्यापासून त्या बाकावर कुणी मोठं माणूस बसलेलंच नाही. आपण सगळे फुलं आणण्यात होतो.

दादासाहेब, तुमच्या मनात बाईंबद्दल जे आहे, ते माझ्याही मनात आहे. पण मी मुतारीला कुलूप लावलं तेही प्रेमानंच लावलं होतं हो. स्वच्छ राहावी, चांगली दिसावी. आणि पोरी दोन महिने तहानलेल्या राहिल्या. हे काचेचं कपाट म्हणजे तेच कुलूप आहे. एकदा माझ्याकडून झालंय, म्हणून मला ओळखू येतं. ती चिठ्ठी मी तुम्हाला परत देतो.

उठा दादासाहेब. तो फोटो उचला. घाबरू नका, बाई रागावणार नाहीत, उठवलं नाही तर रागावतील. स्वाती कुठं आहे? आहे ना? गडहिंग्लजहून ड्युटी सोडून आली आहे पोरगी, नर्सिंग शिकतेय. स्वाती, फोटो तू घे, मांडीवर घेऊन बस. बाईंनाही ऐकू दे. मेणबत्त्या खाली ठेवा. कापड काढा. हां.

थांबा, डुगडुगतोय. हा माझा मेमो. याची जागा तिथंच आहे. गुडघे दुखतात, पण हे काम माझं मलाच करू द्या. झालं. बघा, हलतोय का? नाही.

आरोही. ये बाळा, पुढं ये. लाजू नको, सगळी आपलीच माणसं आहेत. बस. इथं मधोमध बस. हा मी तुझ्या शेजारी बसलो. तुला पाहिजे तेवढा वेळ घे. रेडकाचं सांगायचं असेल तर आधी रेडकाचं सांग. 'झालं माझं' असं तू म्हणेपर्यंत इथं कुणी बोलणार नाही. सरपंच नाहीत, अध्यक्ष नाहीत, मी तर नाहीच. आणि उत्तर उद्या सकाळी, याच बाकावर. मी येतो. रोज येईन. रिटायर माणसाला दुसरं काम काय?

मंडळी, सभेच्या शेवटी दोन मिनिटं उभं राहून शांत राहायची रीत आहे. आपण आज उभं राहायचं नाही. बाकाचा नियम आहे, मोठ्यांनी बसायचं. वेळही दोन मिनिटांची नाही, ती हिच्या हातात आहे. बाई, काही चुकत असेल तर घड्याळ वाजवा.

मागच्या पोरांनो, बोटं काढा तोंडावरची. हात सोडा. मोकळे बसा.

आणि मोठ्यांनो, माझ्यासकट सगळे. हाताची घडी. तोंडावर बोट.

बोल बाळा.